रात्रीचं स्वस्त विमान परवडतं का? आपापला अनुभव सांगा

लेक बंगलोरला असते. महालक्ष्म्यांना ती आणि चार वर्षांची नात येणार आहेत. दुपारी दीडला नागपुरात उतरणारं विमान माणशी ६,१५० रुपये, रात्री पावणेबाराला उतरणारं ३,७००. नातीला पूर्ण तिकीट लागतं, म्हणजे दोघींचे मिळून ४,९०० वाचतात. त्यामुळे लेकीचा रात्रीचाच आग्रह. पण आम्ही यवतमाळकडच्या कळंब तालुक्यातले. सोनेगावच्या विमानतळापर्यंत गाडीनं अडीच तास लागतात. त्या वेळी ना मेट्रो, ना आमच्याकडची एसटी. गावातल्या गाडीवाल्यानं जाण्यायेण्याचे ४,२०० सांगितले. हाती राहिले सातशे. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा हिशेब सांगावा. चांगले अनुभवही सांगा, लेकीला नुसतं घाबरवायचं नाही मला.

दिग्रस, नोकरी पुण्यात

काकू, मी चार वेळा आलो रात्रीच्या विमानानं, आणि मला परवडलं. पण मी एकटा, पाठीवर एक बॅग. रात्री सव्वाला उतरतो आणि गाडी करतच नाही. सामानाच्या पट्ट्याजवळच्या खुर्च्यांवर पहाटेपर्यंत बसतो, मग रिक्षानं गणेशपेठ आणि तिथून यवतमाळची पहिली एसटी. एक ध्यानात ठेवा, दारातून एकदा बाहेर पडलं की तिकिटाशिवाय परत आत घेत नाहीत. पहिल्या वेळी चहासाठी बाहेर आलो, तर डिसेंबरच्या थंडीत सकाळपर्यंत बाहेरच राहिलो. लहान लेकरू घेऊन हे जमणार नाही.

हिंगणघाट

आमचं नुकसान विमानानं नाही, तारखेनं केलं. मुलाला बंगलोरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तिकिटावर १७ तारीख, वेळ ००:३५. आम्ही १७ तारखेला संध्याकाळी घरी देवाला नारळ फोडला, त्याच्या आईनं धपाटे बांधून दिले आणि रात्री दहाला विमानतळावर पोचलो. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, मोबाइल मुलाच्या हातात परत दिला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, हे विमान तर काल रात्रीच गेलं." १६ ची रात्र बारा वाजता संपते आणि १७ सुरू होते, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. पोरगा पायरीवर बसून राहिला. सकाळच्या विमानाचं तिकीट ७,८०० ला घेतलं. मध्यरात्रीनंतरचं तिकीट असेल तर "अमुक तारखेची रात्र, जेवून निघायचं" असं कॅलेंडरवर लिहून ठेवा. आता आम्ही तसंच करतो.

देवळी

आम्ही पाच जण होतो. माणशी दोन हजारांवर फरक, गाडी एकच. सरळ परवडलं. माणसं किती, त्यावर आहे सगळं.

ब्रह्मपुरी

आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. जानेवारीत दिल्लीहून येत होतो, रात्री ९:४० चं विमान. आम्हाला न्यायला येणारं विमान धुक्यात अडकलं आणि आमचं सुटलं पावणेदोनला. दोन तासांवर उशीर झाला तेव्हा खायला दिलं. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तरच मुक्कामाची सोय कंपनीला करावी लागते. आमचा उशीर चार तासांचा, त्यामुळे खुर्चीवरच बसलो. आईची साखरेची गोळी चेक-इनच्या बॅगेत गेलेली, ते माझ्या मनाला अजून लागतं. औषध हातातल्या पिशवीतच ठेवा. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगितली होती, पैसे लागले नाहीत आणि त्या मुलानं आईला थेट गाडीपर्यंत आणून सोडलं. भाऊ नागपुरात अकरापासून साडेतीनपर्यंत गाडीत बसून होता. तो दुसऱ्या दिवशी शेतात गेलाच नाही. हरभऱ्याच्या ओलिताची त्याची पाळी होती.

वर्धा जिल्हा, गाडीचालक

ताई, मी सोता गाडी चालोतो. तुमचं विमान पावणेबाराचं, पण मी घरून सातलेच निघतो. त्याच्या आंधी दिवसभर दुसरं भाडं केलं रायते. जातानी काही वाटत नाही. येतानी दोन ते चारच्या मधात डोया लागते. मांगं सवारी झोपली रायते, बोलाले कोणी नसते. मांगच्या हिवाळ्यात देवळीच्या पुढं रोही, म्हंजे नीलगाय, आडवा आला. ब्रेक लागला, कोणाले काही झालं नाही. पण मले तो दिसला तवा बोनेटच्या अगदी जवळ होता. रोही काही आभाळातून पडत नाही, म्हंजे त्याच्या आंधी चार-पाच सेकंद मी जागा नव्हतो. मांगं एक बाई लेकरू मांडीवर घेऊन झोपली होती. मी तिले सांगतलं नाही, आज इथं पयल्यांदा सांगून रायलो. तवापासून रातच्या सवारीले आधीच सांगून देतो का बुटीबोरीले अर्धा तास गाडी उभी करीन, झोपीन, मंग निघू. ज्याले घाई असंल त्यानं दुसरी गाडी पाहावी. तुमच्या गाडीवाल्याले इचारा, तो दिवसा काय करते ते.

अमरावती

मुंबईहून येणाऱ्यांनी बेलोऱ्याला, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावर उतरणारं विमानही पाहावं, २०२५ च्या एप्रिलपासून सुरू आहे. बंगलोरवाल्यांना त्याचा उपयोग नाही.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या दादांचं वाचून मी आमच्या गाडीवाल्याला फोन केला. सध्या दिवसा तो शाळेच्या मुलांची फेरी मारतो, सकाळी सहापासून. मग लेकीला पूर्ण हिशेब वाचून दाखवला, रोह्यासकट. ती जरा वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "आई, दुपारचंच काढते." मी सकाळच्या एसटीनं निघून छत्रपती चौकात उतरीन आणि तिथून मेट्रोनं विमानतळाकडे जाईन. येताना तिघी एसटीनंच येऊ, आम्हा बायांना अर्धंच तिकीट आहे. नातीला खिडकीची जागा हवी आहे, असा निरोप आलाय.