रोमन दैव मानत होते, मग दोष कुणाला?

शंकासुर
इ.स.पू. २४९, ड्रेपानाची आरमारी लढाई. पवित्र कोंबड्या (त्या खाल्ल्या तर शुभ, नाहीतर अशुभ) दाणे टिपेनात, तेव्हा रोमचा कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी आणि सेनापती) पब्लियस क्लॉडियसने "खात नाहीत तर पिऊ द्या" म्हणत त्या समुद्रात फेकल्या अशी कथा आहे. रोमची ९३ जहाजं शत्रू कार्थेजच्या हाती लागली आणि रोममध्ये त्याच्यावर खटला भरला. कोंबड्यांनी पराभव आधीच सांगितला होता ना? तो अटळच होता तर याचा गुन्हा काय?

तळटीप
'पराभव सांगितला' इथेच गफलत आहे. ऑस्पिकिया म्हणजे भविष्य नव्हे, कौल. आज हे काम करू का, एवढंच देवराज ज्युपिटरला विचारायचं. नकार त्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारता येई. म्हणून क्लॉडियसचा दोष देवाचा नकार समजून-उमजून धुडकावल्याचा. (इतिहासकार पॉलिबियसच्या वर्णनात कोंबड्या नाहीतच, तो सरळ सेनापतीच्या चुका मोजतो.)

उलट उदाहरण इ.स.पू. २९३चं, अक्विलोनियाच्या लढाईचं. कोंबड्या खात नव्हत्या, तरी त्यांच्या रक्षकाने कॉन्सल पापिरियसला "उत्तम कौल" असं खोटंच कळवलं. बिंग फुटल्यावर पापिरियस म्हणाला की खोटं सांगणाऱ्याने पाप स्वतःवर ओढवून घेतलंय, मला कळवलेला कौल शुभ आहे. रक्षकांना त्याने पहिल्या फळीत उभं केलं. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की लढाई जुंपण्याआधीच कुठून तरी आलेल्या भाल्याने तो रक्षक मेला, आणि रोमनांनी मैदान मारलं. कळवलेला कौल कॉन्सलला बांधील, खोटेपणाचा भार खोटं बोलणाऱ्यावर.

मधलीसुट्टी
हेतूचा मुद्दा धर्मविधीतही होता. न्यायकामाला निषिद्ध असलेल्या दिवशी प्रेटरने (न्यायाधिकाऱ्याने) 'दो, दिको, आदिको' (देतो, सांगतो, बहाल करतो) हे शब्द उच्चारायचे नाहीत. रोमन विद्वान वार्रो लिहितो: नकळत उच्चारून गुलाम मुक्त केला, तर गुलाम मुक्तच राहतो, फक्त विधीला दोष लागतो, प्रेटरने प्रायश्चित्ताचा बळी दिला की सुटला. जाणूनबुजून उच्चारले, तर कायदेपंडित क्विंटस म्यूकियसच्या मते त्या पापाला प्रायश्चित्तच नाही.

बारा फलकांतही (रोमच्या सर्वात जुन्या लिखित कायद्यातही) हेच: शस्त्र फेकलं नाही, हातून निसटलं आणि माणूस मेला, तर मेंढा द्यायचा. 'रोमन धर्म म्हणजे नुसतं कर्मकांड' हे अर्धसत्य आहे ते यामुळे.

शंकासुर
कौलाचं पटलं. पण स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ तर सगळंच दैवाधीन म्हणतात. त्यांच्याकडे दोष उरतो कसा?

उतरंड
सिसेरोच्या 'दे फातो'मध्ये ('दैवाविषयी', इ.स.पू. ४४) स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिप्पसचा दंडगोलाचा दृष्टान्त आहे. ढकलल्याशिवाय तो हलत नाही, पण घरंगळतो स्वतःच्या आकारामुळे. शंकूला ढकललं तर तो गोल गोल फिरतो. डोळ्यांसमोर आलेला मोह म्हणजे धक्का. त्याला मनाने दिलेली संमती आपली, म्हणून दोषही आपला.

"बरं व्हायचं असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय" या आळशी युक्तिवादालाही तिथेच उत्तर आहे: बरं होणं नशिबात असेल तर वैद्याला बोलावणंही त्याच नशिबात जोडलेलं असतं. पुढचा स्टोइक सेनेका नवसांबद्दल नेमकं हेच म्हणतो.

एक खबरदारी. दंडगोल सिसेरोच्या नावावर खपवू नका. सिसेरोचा स्वतःचा कल स्टोइकांचा टीकाकार कार्नेआदिस याच्याकडे: इच्छेला बाहेरचं पूर्वकारण लागतच नाही. इच्छास्वातंत्र्य वाचवायला एपिक्युरसपंथीयांनी मानलेल्या अणूंच्या अकारण वळणाची मात्र तो खिल्ली उडवतो, आणि ते रास्तच वाटतं. विनाकारण वळलेला अणू 'माझा' निर्णय कसा होणार?

शंकासुर
पण दंडगोलाने आपला आकार कुठे निवडला होता?

उतरंड
दुखरी नस हीच. रोमन लेखक गेलियसने नोंदवलेल्या क्रिसिप्पसच्या उत्तरात ती पुरती झाकली जात नाही. क्रिसिप्पस मान्य करतो की काही मनं जन्मतःच ओबडधोबड असतात आणि धक्का नसतानाही चुकीकडे धावतात. तरीही देवळाच्या आश्रयाला पळावं तसं दैवाच्या आड लपणाऱ्या गुन्हेगाराचं ऐकून घ्यायला तो तयार नाही.