"का थांबवलं, माहीत आहे का?"

रातवाट

परवा रात्री साडेअकराला पोलिसांनी मला थांबवलं. काच खाली केली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न: "का थांबवलं, माहीत आहे का?"

मी पडलो सरळ माणूस. म्हणालो, "मागच्या सिग्नलला फोन बघितला म्हणून ना?"

साहेब क्षणभर गप्प. मग म्हणाले, "नाही हो, तुमचा मागचा डावा दिवा बंद आहे. पण सांगितलंत ते बरं झालं." दिव्याबद्दल नुसती समज दिली आणि पावती फाडली फोनची.

बायको अजून हसतेय. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवशी डोक्यात किडा वळवळायला लागला. ज्यानं थांबवलं त्याला कारण माहीत असतं. मग ते मला का विचारायचं? शाळेत मास्तर विचारायचे, "का उभं केलंय तुला?" आणि आपण न केलेल्या चार गोष्टीही कबूल करून टाकायचो, त्यातलाच हा प्रकार.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून कायदाच झाला आहे. गाडी किंवा पादचारी थांबवला की चौकशीचा पहिला प्रश्न विचारण्याआधी पोलिसानं थांबवण्याचं कारण सांगायचं, आणि ते कारण पावतीवर किंवा अहवालात लिहायचं. जिवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका असेल तेवढ्यापुरती सूट. माझं मत: हा नियम सगळीकडे हवा. आधी कारण, मग प्रश्न. तुम्हाला काय वाटतं?

चौथा गिअर

फोन बघत होतात की नाही? होतात. मग रडगाणं कसलं? चोर सापडला म्हणून कुलूपवाल्याला दोष देण्यासारखं आहे हे.

एल बोर्ड

मला विचारलं होतं तेव्हा मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "मलाही नाही, साहेबांनी सगळ्या पांढऱ्या गाड्या थांबवायला सांगितल्यात." (हलके घ्या, पण खरं घडलंय.)

पांढरी पट्टी

चौथा गिअर, तुम्ही रात्री एकटे गाडी चालवणारी बाई नाही आहात, म्हणून तुम्हाला हा फक्त पावतीचा प्रश्न वाटतोय.

दोन वर्षांपूर्वी सामसूम रस्त्यावर एकानं टॉर्च हलवून थांबायची खूण केली. अंगावर खाकी होती, पण मागे उभ्या गाडीवर पोलिसांचं काहीच चिन्ह दिसत नव्हतं. मी धोक्याचे दिवे लावले, वेग अगदी कमी केला आणि पुढे अर्ध्या किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपाच्या उजेडात जाऊन थांबले. ते मागून आले, खरेच पोलीस निघाले आणि चिडले होते. "पळत होतात का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "एवढ्या रात्री कुठून आलात?" तिसरा, "घरी कोण कोण असतं?" थांबवलं कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कागद बघितले आणि जा म्हणाले.

कारण आधी सांगितलं की मला दोन गोष्टी कळतात. समोरचा खरंच कामावर आहे, आणि हे प्रकरण किती वेळात संपणार आहे. घरी कोण असतं याचा हेडलाइटशी संबंध काय, हे विचारायला मला धीर येतो.

निवृत्त_शिट्टी

खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा वाहतूक शाखेत. दुसरी बाजू लिहितो. शिव्या पडणार हे गृहीत धरून.

आधी पांढरी पट्टी ताईंसाठी: उजेडात जाऊन थांबलात ते योग्यच केलंत. वेग कमी करून दिवे लावले की पळत नाही हे कळायला हवं होतं. चिडणारा चुकला. बाकीचे प्रश्न तर विचारायलाच नको होते.

आता "का थांबवलं" या प्रश्नाबद्दल. तो कबुलीजबाबासाठी विचारतात असं सगळे समजतात. आमच्यातले काही तसं करायचेही, नाही म्हणत नाही. पण मला शिकवणाऱ्या जमादारांनी तो वेगळ्याच कामासाठी शिकवला होता. माणसाला लांब वाक्य बोलायला लाव. "लायसन दाखवा" म्हटलं की तो मुकाट्यानं पाकीट काढतो, काही कळत नाही. पण "का थांबवलं" विचारलं की त्याला विचार करून बोलावं लागतं. जीभ जड आहे का, वास येतोय का, डोळे कुठे भिरभिरतात, हात सीटखाली जातोय का, मागे बसलेला अचानक गप्प का झाला, हे त्या दहा सेकंदांत दिसतं. उत्तर काय आलं याच्याशी मला कर्तव्य नसायचं.

आणि कारण आधी सांगितलं की काय होतं तेही ऐका. "तुमचा दिवा बंद आहे." "शक्यच नाही, कालच गॅरेजमधून आणली." "उतरून बघा." "तुम्हीच फोडला असेल." हे रस्त्याच्या कडेला उभं राहून चालतं आणि माझ्या पाठीमागून हातभर अंतरावरून ट्रक जात असतात. थांबवलेल्या गाडीपाशी आम्हाला ड्रायव्हरपेक्षा त्या ट्रकची भीती जास्त. म्हणून मी जमेल तेव्हा फुटपाथच्या बाजूनं खिडकीशी जायचो. लोकांना वाटायचं, दबा धरून आलो.

रातवाट, तुमच्या साहेबांच्या जागी मी असतो तर फोनबद्दल झापलं असतं आणि पावती दिव्याची फाडली असती. जे मी पाहिलं तेवढीच.

कलमबहाद्दर

काकांचा प्रतिसाद आवडला, पण "मी असतो तर" यावर व्यवस्था चालत नाही. कायदा कुठे काय म्हणतो ते थोडक्यात लिहितो.

ब्रिटन: १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याचं कलम १६३. गणवेशातल्या पोलिसानं थांबायला सांगितलं की थांबायचं. संशय असण्याची अट नाही. पण श्वासचाचणीसाठी मात्र आधार लागतो: दारूचा संशय, वाहतुकीचा गुन्हा किंवा अपघात.

अमेरिका: याच्या उलट. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७९ साली सांगितलं की नुसतं लायसन तपासायला वाटेल ती गाडी थांबवता येणार नाही, काही तरी संशय हवा. मात्र १९९० मध्ये त्याच न्यायालयानं दारूबंदोबस्ताच्या नाक्यांना परवानगी दिली, कारण तिथे सगळ्यांना एकच नियम लागतो.

भारत: मोटार वाहन कायद्याचं कलम १३०. गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की लायसन दाखवायचं, त्यानं कारण सांगावं अशी अट कलमात नाही. फुंकायला लावायचं असेल तर कलम २०३ प्रमाणे संशयाला वाजवी कारण हवं. गंमत बघा, अटक करताना कारण सांगणं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नं बंधनकारक आहे, गाडी अडवताना नाही.

रातवाट, तुम्ही कुठे गाडी चालवता ते लिहिलं नाहीत. भारतात असाल तर पोलिसासमोरची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. जुन्या साक्ष कायद्यात हे कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात २३. पण तुम्ही दंड जागेवरच भरला असेल तर तडजोड झाली आणि विषय मिटला. न्यायालयापर्यंत गेलं कोण?

रातवाट

भरला. रात्री साडेअकराला मला अनुच्छेद आठवत नव्हते, झोप आठवत होती.

चौथा गिअर

कलमबहाद्दर यांनी लिहिलेल्या "सगळ्यांना एकच नियम" यातच उत्तर आहे, कुणाच्या लक्षात येत नाहीये.

मी सहा वर्षं ऑस्ट्रेलियात गाडी चालवली. न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ पासून सरसकट श्वासचाचणी आहे. कारण लागत नाही, संशय लागत नाही. रांगेत आलात की नळीत फुंका, आकडा दाखवतील, जा. सकाळी दहा वाजता चर्चमधून परतणाऱ्या आजीबाईसुद्धा फुंकतात. मला डझनभर वेळा थांबवलं असेल, एकदाही अपमान वाटला नाही. का? कारण "मलाच का?" हा प्रश्नच उरत नाही. ती चाचणी सुरू झाल्यावर तिथले अपघाती मृत्यू ठळकपणे कमी झाले, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तुम्ही "कारण सांगा" म्हणताय. मी म्हणतो, कारणच नको. एक तर सगळ्यांना थांबवा, नाही तर कुणालाच नको.

आरसा

दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो. अमेरिकेत अठरा वर्षं झाली.

रातवाट, तुमची मागणी पूर्ण झाली तरी हाती फारसं लागणार नाही. कारण काय, कधीही मिळतं. कुठलीही गाडी पाच मिनिटं मागून चालवा: लेन बदलताना इंडिकेटर उशिरा दिला, नंबरप्लेटवरचा दिवा मंद आहे, आरशाला काही तरी लटकतंय. १९९६ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की वाहतुकीचा नियम मोडलेला दिसला असेल तर थांबवणं वैध, पोलिसाच्या मनात खरं काय होतं ते बघायचं नाही. म्हणजे सांगायला कारण कायम हजर. खरं कारण वेगळंच असू शकतं.

तुमच्या दिव्यावरून आठवलं. नॉर्थ कॅरोलायनात एकाची गाडी ब्रेकचा एक दिवा बंद म्हणून थांबवली, झडतीत कोकेन सापडलं. नंतर वरच्या न्यायालयात निघालं की त्या राज्याच्या कायद्यानुसार एकच दिवा चालू असला तरी पुरतं! म्हणजे थांबवण्याचं कारण मुळात गुन्हाच नव्हता. तरीही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोलिसाची समजूत चुकीची असली तरी वाजवी होती, सबब थांबवणं ग्राह्य. मी कायदा चुकीचा समजलो तर मला माफी नाही, हे सांगायला नकोच.

आणि कारणं कुणाच्या वाट्याला येतात? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जवळपास साडेनऊ कोटी नोंदी तपासल्या, २०२० मध्ये निष्कर्ष छापले. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा रंग दुरून दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं. माझा रंग मधला आहे. मला फरक दाढी वाढवल्यावर जाणवतो.

यावर फिलाडेल्फियानं केलं ते मला पटतं. २०२२ पासून तिथे आठ किरकोळ गोष्टींसाठी गाडी थांबवायचीच नाही. एक दिवा बंद, बंपर सैल, नोंदणी संपून साठ दिवसांच्या आत, असल्या. तिकीट पाठवा हवं तर. रातवाट त्या शहरात असते तर त्यांना थांबवलंच नसतं, आणि बायकोचं हसणं हुकलं असतं.

निवृत्त_शिट्टी

आरसा, दिव्यासाठी थांबवायचं नाही तर मागून येणाऱ्यानं अंधारात आदळायचं का? पत्र घरी जाईपर्यंत तो माणूस तसाच गाडी चालवणार. अर्ध्या लोकांना दिवा गेलाय हेच माहीत नसतं. मी थांबवून सांगितलं की निम्मे लोक आभार मानायचे. खरंच मानायचे.

बाकी तुमच्या रंगाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही जुनी खटारा दुचाकी आधी थांबायची आणि काळ्या काचांची मोठी गाडी सलाम घेऊन जायची. मीही ठोकलेत ते सलाम.

एल बोर्ड

काका 🙏

पांढरी पट्टी

जाता जाता, अमेरिकेत थांबवलं की हात स्टिअरिंगवर ठेवून हलायचं नाही, हे नवऱ्यानं मला इतक्यांदा घोकून घेतलंय की पहिल्यांदा थांबवलं तेव्हा मी लायसनसुद्धा काढेना. पोलीस बिचारा म्हणाला, "मॅडम, आता चालेल." आरसा, तिथले पोलीस एवढे घाबरलेले का असतात?

आरसा

प्रशिक्षणात चित्रफिती दाखवतात, प्रत्येक खिडकीतून बंदूक निघते अशा. फ्लोरिडामधल्या दोनशेहून जास्त खात्यांच्या दहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या वाहतूक तपासणीत पोलिसाचा खून होण्याचं प्रमाण ६५ लाख तपासण्यांमागे एक निघालं. पण ज्याच्या मित्राचा तो "एक" होता, त्याला हा आकडा सांगून काय उपयोग, हेही मला कळतं. दोन्हीकडे भीती आहे. फरक इतकाच की एका भीतीच्या कमरेला पिस्तूल आहे.

चौथा गिअर

धागा भरकटला. मूळ प्रश्न कारण सांगण्याचा होता. माझ्या नाक्याच्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलेलं नाही.

कलमबहाद्दर

देतो. नाका दारूसाठी उत्तम, कारण तपासायची गोष्ट एकच आणि यंत्र आकडा दाखवतं. फोन, सीटबेल्ट, सिग्नल, दिवा हे नाक्यावर कसं तपासणार? रांगेत सगळेच शहाणे असतात. शिवाय जिथे नाक्यावर यंत्राऐवजी हात पुढे येतो, तिथे "सगळ्यांना थांबवा" म्हणजे सगळ्यांकडून घ्या. तोडपाण्याचं पहिलं वाक्यही "का थांबवलं माहीत आहे का" हेच असतं, बघा आठवून. कारण मोघम ठेवलं की रक्कमही मोघम ठेवता येते. पावतीवर वेळेसकट कारण लिहिलं की ती वाट अरुंद होते. म्हणून मी रातवाट यांच्या बाजूनं, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही.

चौथा गिअर

तोडपाण्याचा मुद्दा मान्य. बाकी फोनचा दंड योग्यच होता, यावर ठाम.

रातवाट

चौथा गिअर, खरं सांगू? दंडाबद्दल तक्रार नाहीच. फोन बघितला होता आणि बघायला नको होता. खुपलं ते वेगळंच: साहेबांना मी जे सांगितलं ते त्यांनी विचारलंच नव्हतं. काकांचं "जे मी पाहिलं तेवढीच" हे वाक्य मला माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा बरं वाटलं.

निवृत्त_शिट्टी

ते राहू द्या. मागचा डावा दिवा बदलला का?

रातवाट

बदलला. परवा उजवा गेला.