इराणमधल्या लोकांसाठी पुण्यातून स्नोफ्लेक: घरच्या नेटवर जमेल का?

कर्वेनगरवासी:
घरी फायबर आहे, जुना लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवता येईल. टॉरचा (ओळख लपवून, बंदी चुकवून नेट वापरायचं जाळं) स्नोफ्लेक प्रॉक्सी, म्हणजे अडवलेल्या लोकांना आपल्या नेटमधून टॉरपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, चालवला तर पुण्यात शिकणाऱ्या इराणी मुलांच्या घरच्यांना खरंच उपयोग होईल का? तिकडच्यांनी काय उघडलं ते माझ्या आयपीवर येईल का?

तारायंत्र:
नाही येणार. तुमच्याकडे एन्क्रिप्टेड डेटा येतो, तो तुम्ही ब्रिजकडे, म्हणजे टॉरमध्ये शिरायच्या सर्व्हरकडे ढकलता; पुढे टॉरचे रिले (मधले सर्व्हर) पार करून तो एक्झिटवरून, म्हणजे शेवटच्या रिलेवरून बाहेर पडतो. वेबसाइटला एक्झिटचा आयपी दिसतो. घरून एक्झिट रिले मात्र अजिबात चालवू नका, सगळ्या तक्रारी तुमच्याच नावावर येतील.

उपयोग नक्की होतो. डेटा वेबआरटीसीतून, म्हणजे व्हिडिओ कॉल जातो त्याच मार्गाने जातो आणि प्रॉक्सींचे आयपी सतत बदलतात, त्यामुळे यादी करून ब्लॉक करणं अवघड. तरी ऑक्टोबर 2022 मध्ये इराणने टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड जोडणी सुरू करायच्या पद्धतीच्या) ठशावरून स्नोफ्लेक ओळखून अडवला होता, नवी आवृत्ती आल्यावर तो पुन्हा चालला. म्हणून अपडेट टाळू नका.

पेठकरी:
खरी अडचण नॅटची, म्हणजे एका आयपीमागे अनेक उपकरणं ठेवायच्या व्यवस्थेची. राउटरच्या पानावर वॅन आयपी (प्रोव्हायडरने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे प्रोव्हायडर एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतोय. मग प्रॉक्सी बहुधा ‘रिस्ट्रिक्टेड’ दाखवेल आणि ज्यांचं स्वतःचं नॅट कडक आहे त्यांना तुमचा उपयोग नाही. पब्लिक आयपी मिळतो का, ते प्रोव्हायडरला विचारा. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) चालवत असाल तर होस्ट नेटवर्क मोड हवाच, नाहीतर चांगल्या लाइनवरही रिस्ट्रिक्टेड येतं. यूडीपी पोर्ट ठरवून उघडणार असाल तर एकाच वेळी जितके लोक घेणार त्याच्या किमान दुप्पट ठेवा.

कर्वेनगरवासी:
वॅन आयपी 100 नेच सुरू होतोय, त्याच पट्ट्यातला. मग सोडून देऊ?

पेठकरी:
मुळीच नाही. मोकळ्या नॅटवाल्यांना तुम्ही चालता. तूर्त फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन टाका, लॅपटॉप झोपू देऊ नका. समोरच्याने 1 जीबी वापरला की तुमचा 1 येतो आणि 1 जातो. एफयूपी (प्लॅनची डेटा मर्यादा) त्या हिशेबाने तपासा.

तारायंत्र:
त्या मुलांना एक आवर्जून सांगा: नेट सुरू असतानाच घरच्यांनी टॉर ब्राउझर उतरवून ठेवावा. साइट बंद असेल तर गेटटॉर या टॉरच्याच सेवेला मेल केला की डाउनलोडच्या लिंक मिळतात. नंतर सेटिंग्जमध्ये कनेक्शन, तिथे अंगभूत ब्रिज, त्यात स्नोफ्लेक. नोव्हेंबर 2019 मध्ये जवळपास आठवडाभर देशाबाहेरचं नेटच तोडलं होतं. तसं झालं तर यातलं काहीच चालत नाही, तेव्हा घरच्यांचा लँडलाइन नंबर आधीच लिहून ठेवलेला बरा.