पीएससीत दोष खरंच क्लेबसिएलाचा आहे का? आणि असला, तरी व्हँकोमायसिन कशासाठी?

गणेशखिंड (धागाकर्ता)

पीएससी म्हणजे प्रायमरी स्क्लेरोसिंग कोलँजायटिस. दुर्मीळ आजार. यकृताच्या आतल्या-बाहेरच्या पित्तनलिका सुजतात, व्रण धरतात आणि जागोजागी आकसतात. पाश्चात्त्य देशांत यातल्या साधारण 70 टक्के रुग्णांना मोठ्या आतड्याचा दाहही असतो, बहुतेकदा अल्सरेटिव्ह कोलायटिस. आपल्याकडे हे प्रमाण कमी दिसतं. यकृत प्रत्यारोपणाची वेळ टाळेल असं सिद्ध झालेलं औषध नाही, आणि प्रत्यारोपणानंतर नव्या यकृतातही आजार काहींना पुन्हा गाठतो.

माझं मत: मूळ आतड्यात आहे. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. आतड्याची भिंत झिरपायला लागली की जीवाणू आणि त्यांचे तुकडे सोबत जाणारच. 2019 मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठातल्या गटाने पीएससी रुग्णांच्या विष्ठेतले जीवाणू निर्जंतुक उंदरांना दिले. उंदरांच्या आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींत तीन जीवाणू सापडले: क्लेबसिएला न्यूमोनिए, प्रोटिअस मिराबिलिस आणि एंटेरोकॉकस गॅलिनॅरम. त्यातला क्लेबसिएला आतड्याच्या अस्तराला चक्क भोकं पाडत होता, आणि यकृतात दाह पेटवणाऱ्या टीएच-17 पेशींचा जोर वाढत होता.

एवढं हाती असताना पीएससी आणि कोलायटिस दोन्ही असलेल्या रुग्णाला तोंडावाटे व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक द्यायला आपले डॉक्टर हात का आखडता घेतात?

निळी शाई

कारण औषध आणि आरोपी जुळत नाहीत. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंचं बाहेरचं आवरण त्याला ओलांडता येत नाही. क्लेबसिएला ग्रॅम-निगेटिव्ह, प्रोटिअसही ग्रॅम-निगेटिव्ह. राहिला एंटेरोकॉकस गॅलिनॅरम. त्याच्याकडे व्हँकोमायसिनला दाद न देणारं व्हॅन-सी जनुक जन्मजातच असतं. तुम्हीच नावं घेतलेल्या तिघांपैकी एकही धड मरत नाही! उलट बाकीचे स्पर्धक मरतात आणि क्लेबसिएला, ई. कोलाय या मंडळींना रान मोकळं होतं. चोर सदाशिव पेठेत आणि नाकाबंदी हडपसरला.

गणेशखिंड

मुद्दा बिनतोड आहे. पण गुण येतो त्याचं काय? बर्मिंगहॅमच्या अभ्यासात पीएससी-कोलायटिसच्या 15 रुग्णांना 125 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, असं चार आठवडे दिलं. बहुतेकांचा कोलायटिस शांत झाला, विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारं प्रथिन) उतरलं.

मला वाटतं रस्ता पित्ताम्लांचा आहे. यकृतातून आलेल्या कोलिक आम्लाचं डीऑक्सिकोलिक आम्ल करणारे जीवाणू मुख्यतः क्लॉस्ट्रिडियमच्या गोतावळ्यातले, म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह, ते बाहेरचं आवरण नसलेले. व्हँकोमायसिनने ते गेले की अशी दुय्यम, म्हणजे जीवाणूंनी बनवलेली पित्ताम्लं घटतात. तेव्हा एका जातीचं नाव घेण्यापेक्षा सगळी वस्ती मिळून काय रसायनं बनवते ते बघावं.

मुळाकाठ

औषध थांबवल्यावर दाह परतला, हे का गाळलंत? प्लासिबो गटही नव्हता. आणि कोलायटिस शांत होणं म्हणजे पित्तनलिका वाचणं नव्हे.

सगळा घोळ अल्कलाइन फॉस्फटेजवर, म्हणजे पित्त तुंबलं की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमवर, विसंबण्यात आहे. पीएससीत हा आकडा औषधाविनाही वर-खाली होतो. 400 चा 250 झाला की पेढे वाटायचे, पण तो आपोआपही तिथे आला असता. युर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल (युर्सो) या पित्ताम्लाच्या औषधाचा धडा आठवा: वजनाच्या किलोमागे 28 ते 30 मिलिग्रॅम अशा मोठ्या डोसची चाचणी, निकाल 2009 मध्ये. एन्झाइम छान सुधारले, आणि प्रत्यारोपण, मृत्यू, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा हे सगळं मिळून औषधवाल्या गटातच जास्त निघालं. चाचणी थांबवावी लागली. कागदावर यकृत सुधारत होतं, माणूस नाही.

लहान मुलांचंही तेच. 2021 मध्ये 264 मुलांची तुलना आली: 88 जणांना व्हँकोमायसिन, 88 जणांना युर्सो, 88 जणांना काहीच नाही, तिन्ही गट एकमेकांशी जुळवून घेतलेले. निष्पत्तीत फरक दिसला नाही. युरोपियन यकृत संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच म्हणतात की वारंवार जंतुसंसर्ग होत नसेल तर पीएससीत दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नये.

वेताळटेकडी

जीवाणू वाईटच असतात हे गृहीतकही तपासा. एमडीआर-2 जनुक काढलेल्या उंदरांना पीएससीसारखा आजार होतो. हेच उंदीर पूर्ण निर्जंतुक वाढवले तर आजार आणखी बळावतो (2016). म्हणजे वस्तीत रखवालदारही आहेत. पुढच्या प्रयोगांत लॅक्नोस्पिरेसी कुळातले जीवाणू राखण करताना दिसले, आणि ते ग्रॅम-पॉझिटिव्ह! व्हँकोमायसिन आधी त्यांच्यावर वरवंटा फिरवतं.

विष्ठा प्रत्यारोपण, म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतली वस्ती रुग्णाच्या आतड्यात सोडणं, मला जास्त तर्कशुद्ध वाटतं, पण पुरावा तोकडा आहे. 2019 चा अमेरिकेतला छोटा अभ्यास, 10 रुग्ण. तिघांचा अल्कलाइन फॉस्फटेज निम्म्याने किंवा जास्त उतरला. पुन्हा तोच आकडा, मुळाकाठ म्हणतील.

मुळाकाठ

म्हणणारच.

उणे ऐंशी

प्रयोगशाळेच्या बाजूने. हल्ली लोक घरपोच 'गट मायक्रोबायोम' किटचा रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञांसमोर बसतात: "क्लेबसिएला वाढलाय, औषध द्या." हा रिपोर्ट त्या कामाचा नाही.

एक तर बरेच किट जीवाणू ओळखायच्या 16-एस जनुकाचा फक्त एक तुकडा (व्ही3-व्ही4) वाचतात. तेवढ्यावर एंटेरोबॅक्टेरिएसी कुळ कळतं; क्लेबसिएला न्यूमोनिएचं नाव खात्रीने घेता येत नाही. भोकं पाडणारा वाण आणि गरीब वाण यांतला फरक तर दूरच. दुसरं, टक्केवारी सापेक्ष असते. बाकीचे जीवाणू घटले की क्लेबसिएला तेवढाच राहूनही दुप्पट दिसतो. खरी संख्या हवी तर क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) करा.

नमुना कधी घेतला हे कोणी विचारतच नाही. कोलोनोस्कोपीच्या आधी पॉलिइथिलीन ग्लायकॉल पिऊन पोट साफ केलं की वस्ती विस्कटते. काही आठवडे थांबायला हवं. अँटिबायोटिक होऊन तीन महिने तरी गेलेले असावेत. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर तोंडातले व्हेलोनेला, स्ट्रेप्टोकॉकस खाली उतरून वाढतात. आणि व्हेलोनेला तर पीएससीची खूण म्हणून मिरवला जातो! सिरोसिसमध्येही तो वाढतोच. जुलाब चालू असताना घेतलेला नमुना मुख्यतः जुलाबच दाखवतो.

वर संदर्भपातळी बहुधा युरोपची. भारतीय आतड्यात प्रेव्होटेला मुबलक असतो, हे आपल्याच पुण्यातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेमधल्या कामातून दिसलंय. तिकडच्या 'नॉर्मल'शी ताडून पाहिलं तर धडधाकट पुणेकरही आजारी ठरेल.

फार्माकट्टा

तरी कोणी डॉक्टर कोलायटिससाठी देणारच असतील तर: सुईचं व्हँकोमायसिन आतड्यात जवळजवळ पोचत नाही आणि तोंडावाटे घेतलेलं रक्तात जवळजवळ जात नाही. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची भुकटीच पाण्यात विरघळवून पितात. 500 मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये 10 मिलिलिटर पाणी, त्यातलं 2.5 मिलिलिटर म्हणजे 125 मिलिग्रॅम. चव कडू, वर सरबत प्यावं लागतं. उरलेलं फ्रीजमध्ये. आतडं फार सुजलेलं आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर थोडं शोषलं जातं. तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि औषधाची रक्तातली पातळी बघावी.

खरी भीती व्हीआरईची, म्हणजे व्हँकोमायसिनला न जुमानणाऱ्या एंटेरोकॉकसची. पुढे प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात आपणच तो पोसायचा?

गणेशखिंड

ठीक. नलिकांसाठी द्या, हा आग्रह मी सोडतो. पण नेहमीच्या औषधांना न बधणारा कोलायटिस असेल तर ठरावीक मुदतीसाठी, कॅलप्रोटेक्टिन मोजत द्यावं, यावर ठाम आहे. जीवाणू सूत्रधार आहेत हेही मत कायम.

निळी शाई

सूत्रधारावर असहमत, कोलायटिसपुरतं चालेल. मात्र आधी विष्ठेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जुलाब लावणारा जीवाणू तपासा. तो असेल तर व्हँकोमायसिनने आराम पडणारच, आणि श्रेय भलत्याच सिद्धांताला जाईल. रक्तातलं आयजीजी-4 हे प्रतिपिंड सुद्धा बघा. त्या प्रकारच्या कोलँजायटिसमध्ये नलिका अशाच दिसतात आणि स्टिरॉइडने सुधारतात. शिवाय पीएससीचा कोलायटिस उजव्या बाजूला जास्त आणि लक्षणं कमी असा असतो, तिथेच आपल्याकडे टीबीही बसतो. बायोप्सीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत व्हायल फोडू नका.