'टेनेट': नीलचं गप्प राहणं ही निष्ठा की फसवणूक?

कोरा_कागद
ख्रिस्तोफर नोलनचा 'टेनेट' (२०२०) हा चित्रपट पुन्हा पाहिला. त्यात माणसं काळात उलटी जाऊ शकतात. या वेळी नायकाचा साथीदार नील याचा राग आला. मुंबईत, रॉयल बॉम्बे यॉट क्लबमध्ये, नायकाशी 'पहिली' भेट होते आणि हा न विचारताच त्याच्यासाठी डाएट कोक मागवतो. म्हणजे ओळख जुनी आहे. पुढे ओस्लोच्या फ्रीपोर्टमध्ये (करमुक्त गोदामात) तो पळणाऱ्याचा मुखवटा ओढतो. आत खुद्द नायकच, पुढच्या काळातून आलेला! तरी अवाक्षर काढत नाही. तिकडे नायक स्वतःच्याच उलट्या काळातल्या रूपाशी जिवाच्या आकांताने झुंजतोय. जिवाभावाचा मित्र असं वागतो?

उत्तररात्र
अजिबात पटलं नाही. टॅलिनमध्ये खलनायक सेटॉर आपल्या बायकोवर, कॅटवर, बंदूक रोखून नायकाकडून माहिती काढू पाहतो. सेटॉरची माणसं काळाच्या दोन्ही टोकांकडून येतात, त्यामुळे आज उच्चारलेला शब्द त्याला कालच कळू शकतो. अशा शत्रूपुढे आपल्या माणसाला अंधारात ठेवणं हीच ढाल. शिवाय नीलला या कामात आणलं कुणी? भविष्यातल्या नायकानेच. नियम त्याचाच आहे.

तिसरी_घंटा
मग प्रियाने काय घोडं मारलं? डिंपल कपाडियाने साकारलेली शस्त्रदलाल प्रियाही हेच करते. प्लुटोनियम-२४१ वाचवतोय असं नायकाला वाटत असतं, आणि तिला मात्र ते सेटॉरच्याच हाती पडायला हवं असतं, जग संपवू शकणाऱ्या यंत्राचे सगळे नऊ तुकडे (हा त्यातलाच एक) एकत्र यावेत म्हणून. शेवटी कॅटला संपवायला निघते आणि नायक तिला गोळी घालतो. नीलसाठी मात्र आपण रडतो. मला हा दुजाभाव खटकतो.

उत्तररात्र
दुजाभाव कसला? प्रियाच्या लपवाछपवीत जीव दुसऱ्याचा जातो. नील लपवतो ते स्वतःचं मरण. शेवटच्या लढाईत, स्टाल्स्क-१२ या उजाड शहरातल्या फाटकाआड नायकाला वाचवताना पडलेला, पिशवीला लाल दोरा असलेला माणूस कोण, हे कळूनही तो पाय मागे घेत नाही.

कोरा_कागद
त्याच्या धैर्याबद्दल वादच नाही. पण यॉट क्लबमध्ये बसलेल्या माणसाने कुठलीच परवानगी दिली नव्हती. ती देणारा अजून व्हायचा होता. आणि नीलच म्हणतो की घडलेलं बदलत नाही. बदलत नसेल तर सांगितल्याने काय बिघडणार होतं? सांगितल्याने बिघडणार असेल, तर मग बदलू शकतं, आणि नीलला वाचवायचा एक तरी प्रयत्न नायकाला करता आला असता. तो हक्क त्याच्याकडून काढून घेतला, हे माझं दुखणं आहे.

तिसरी_घंटा
इथे कॅटचा विचार करायला हवा. व्हिएतनाममधल्या सेटॉरच्या नौकेवर तिला तिची कामगिरी समजावून पाठवलेलं असतं: इशारा येईपर्यंत सेटॉरला मारायचं नाही, कारण तो मेला की यंत्राचा ठावठिकाणा भविष्यात पोचणार. ती आधीच मारते. आपण जिंकलो या समाधानात त्याने मरावं हे तिला सहनच होत नाही. उत्तररात्र, सगळं सांगितलेलं माणूस ठरलेलं पाळत नाही, हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

कोरा_कागद
उलट माझ्या बाजूचा! सगळं ठाऊक असूनही तिने स्वतःच्या मनाचं ऐकलं, आणि जग बुडालं नाही. नायकावर तेवढा विश्वास टाकायला काय हरकत होती?