मदत हवी आहे : ओहायो स्टेटची दुसरी फळी पुढच्या हंगामाला पुरेल का?

ओलेंटँजीकाठी (धागाकर्ता), जून २०२५

नमस्कार मंडळी. कॉलेज फुटबॉल, म्हणजे लांबुडक्या चेंडूचा अमेरिकन प्रकार, पाहणारे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण त्यातले दोन-तीन जण पक्के मुरलेले आहेत, म्हणून धागा काढायचं धाडस करतोय.

मी ओहायोतल्या कोलंबसला एका विमा कंपनीत आहे. टीममधले निम्मे लोक ओहायो स्टेटचे माजी विद्यार्थी आणि एकटाच मिशिगनचा, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा. जानेवारीत अटलांटाला नोत्र दामला ३४-२३ हरवून आपण विजेते झालो (हो, मी आता ‘आपण’च म्हणतो), तेव्हापासून तो गप्प होता. एप्रिलच्या ड्राफ्टनंतर (व्यावसायिक लीग एनएफएल कॉलेजातले खेळाडू निवडते तो) त्याला पुन्हा कंठ फुटलाय. आपले १४ खेळाडू एनएफएलने उचलले, त्यातले चार पहिल्याच फेरीत. तो म्हणतो, घर धुऊन नेलंय, आता खा हवा. ओहायोवाले म्हणतात, इथे दरवर्षी नवी भरती येतेच, काळजी नको. रोज जेवणाच्या सुट्टीत दोन्ही बाजू एकमेकांवर नावं फेकतात आणि मी मधे बसून डबा खातो.

माझी अडचण अशी की डेप्थ, म्हणजे मागची राखीव फळी, आहे किंवा नाही, हे ठरवायचं कशावरून तेच मला कळत नाही. यादी पाहिली तर शंभरावर नावं, प्रत्येकापुढे शाळेत असताना मिळालेले गुणवत्तेचे स्टार. मला स्वतःला क्वार्टरबॅकची (डाव चालवून चेंडू फेकणाऱ्याची) धास्ती वाटते. विल हॉवर्ड गेला, ज्युलियन सेइनने गेल्या वर्षी मोजकेच पास टाकलेत आणि ३० ऑगस्टला पहिलाच सामना टेक्सासशी. शिवाय या महिन्यात तो १०५ खेळाडूंचा नियम पक्का झालाय. त्याने फळी बारीक होणार का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ता. क. : धाकटा भाऊ सप्टेंबरात नाशिकहून येतोय. त्याला एक सामना दाखवायचाय, टेक्सासची तिकिटं खिशाला परवडणारी नाहीत.

जुना_अटलांटाकर

नावं मोजणं सोडा आणि स्नॅप मोजा, म्हणजे कोण किती डाव खरोखर मैदानावर होता ते. आणि दुसरं, एक माणूस पडला तर किती जणांना जागा बदलावी लागते ते पाहा. मी या दोनच गोष्टी बघतो. स्टार वगैरे शाळकरी पोरांना मिळालेले असतात, त्यावर समोरचा बचाव थांबत नाही.

गेलं वर्षच घ्या. १२ ऑक्टोबरला ऑरेगॉनमध्ये आपण ३२-३१ हरलो, त्या सामन्यात डावा टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला. डावा टॅकल म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारा, त्याला मागून येणारा दिसतच नसतो. कागदावर सिमन्सच्या खाली झेन मिखाल्स्कीचं नाव होतं. तो नेब्रास्काविरुद्ध उतरला, सामना कसाबसा २१-१७ निघाला आणि तोही जखमी झाला. आता ‘कागदावरची डेप्थ’ म्हणते की तिसरं नाव घ्या. प्रशिक्षकांनी ते घेतलंच नाही. डावा गार्ड (टॅकलच्या शेजारी आत उभा राहणारा) डोनोव्हन जॅक्सनला एक जागा बाहेर सरकवलं आणि गार्डला कार्सन हिन्झमन आणला. पेन स्टेटला त्यांच्या घरी २०-१३ हरवलं. पुढे नोव्हेंबरात सेंटर (मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा) सेथ मॅकलॉफ्लिन सरावात टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध तुटून हंगामाबाहेर गेला, तेव्हा तोच हिन्झमन सेंटरला सरकला आणि गार्डची जागा ऑस्टिन सिएरव्हेल्ड व ल्यूक माँटगोमेरी या दोघांनी भरली.

या ठिगळं लावलेल्या लाइनने, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या पाच जणांच्या भिंतीने, मिशिगनसमोर घरच्या मैदानावर १३-१० मार खाल्ला, हे तुमच्या सहकाऱ्याला तोंडपाठ असेलच. पण त्याच लाइनने नंतर टेनेसी, ऑरेगॉन, टेक्सास आणि नोत्र दाम अशा चौघांना ओळीने पाडलं. एकूण १६ सामने झाले. बारा संघांची बाद फेरी आल्यापासून हंगामच एवढा लांबलाय की पहिल्या अकरांवर कुणाचं भागत नाही.

आता यंदाचं. आतल्या तीन जागांना माँटगोमेरी, हिन्झमन, टेग्रा त्शाबोला, सिएरव्हेल्ड हे सगळे खेळलेले आहेत. तिथे निश्चिंत राहा. कडेला मात्र राइसहून आलेला ईथन ओनियान्वा आणि मिनेसोटाहून आलेला फिलिप डॅनियल्स, दोघंही नवे. यातला एक जरी चालला नाही तर आतल्या कुणाला तरी बाहेर सरकावं लागणार. मी सिएरव्हेल्डवर नजर ठेवून आहे. शिवाय लाइनचे प्रशिक्षक जस्टिन फ्राय एनएफएलला गेले, टायलर बोवेन नवीन आलेत. म्हणजे शिकवणाराही नवा आणि कडेचे दोघंही नवे. तुम्ही सेइनला घाबरताय, मी त्याच्या पुढ्यातल्या भिंतीला घाबरतो.

बकआयची_सून

लाइनचं सगळं मान्य, पण क्वार्टरबॅकची धास्ती इतकी उडवून लावू नका. सासरे २०१४ ची गोष्ट दर दिवाळीला सांगतात, मलाही पाठ झालीय. ऑगस्टमध्ये ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. जे. टी. बॅरेटने अख्खा हंगाम ओढला आणि मिशिगनच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. तिसरा कार्डेल जोन्स उतरला. विस्कॉन्सिन ५९-०, अलाबामा ४२-३५, ऑरेगॉन ४२-२०. तिसऱ्या क्रमांकाच्या पोराने राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं!

आज असा तिसरा पोरगा वाट बघत थांबतो का? तेव्हा विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये ती अट पहिल्या बदलापुरती उठली, २०२४ मध्ये पुढच्या बदलांसाठीही. आता अभ्यासात पास असलात की झालं, निघा. यंदाच डेव्हिन ब्राऊन कॅलिफोर्नियाला, एअर नोलंड साउथ कॅरोलिनाला गेला. राहिले सेइन, लिंकन कीनहोल्झ आणि इथल्याच बेलफाँटेनचा टॅव्हियन सेंट क्लेअर, जो अजून पहिल्या वर्षात आहे.

२०२३ चा कॉटन बोल (हंगामाअखेरचा सामना) आठवा. काइल मॅकॉर्ड सिराक्यूजला निघून गेलेला, ब्राऊन सामन्यात दुखावला आणि कीनहोल्झ बिचारा पहिल्याच वर्षी मिझुरीसमोर. १४-३ हरलो. तीन नावं कागदावर तेव्हाही होती.

जुना_अटलांटाकर

सूनबाई, सासऱ्यांना एवढं विचारा की त्या तीन सामन्यांत एझिकिएल एलियट चेंडू घेऊन किती धावला. २२०, २३० आणि २४६ यार्ड. कार्डेलचा हात तोफ होता यात वाद नाही, पण रस्ता लाइनने केला आणि एलियटने तुडवला. आणि कॉटन बोलला कीनहोल्झचा जीव कशामुळे गेला? समोर उभं राहायला वेळच मिळाला नाही.

यंदा धावणाऱ्यांचंच बघा. ट्रेव्हियन हेंडरसन आणि क्विन्शॉन जडकिन्स, दोघांनीही गेल्या वर्षी हजार यार्ड ओलांडले, दोघंही गेले. आता जेम्स पीपल्स, वेस्ट व्हर्जिनियाचा सीजे डोनाल्डसन आणि नवा बो जॅक्सन. बरे आहेत, त्याहून जास्त आज म्हणवत नाही.

बकआयची_सून

सासऱ्यांना विचारलं. म्हणाले, “अलाबामाला कार्डेल नसता तर एलियट एकटा काय करणार होता?” आमच्या घरात हा विषय संपायचा नाही.

हिशेबनीस

१०५ बद्दल लिहितो, कारण यात गल्लत फार होतेय.

आधी मर्यादा होती ती शिष्यवृत्त्यांवर, ८५. त्यावर बिनशिष्यवृत्तीची पोरं, ज्यांना वॉक-ऑन म्हणतात, ती कितीही ठेवता यायची. मोठ्या संघांत आकडा १२० च्या वर सहज जायचा. ६ जूनला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंना पैसे देण्यावरून चाललेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. आता शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि एकूण संघच १०५ चा झाला. म्हणजे हवं तर सगळ्या १०५ जणांना शिष्यवृत्ती द्या, पण १०६ वा नको. आधीपासून संघात असलेल्या आणि या नियमामुळे नाव कापलं गेलेल्या (किंवा जाणार असलेल्या) पोरांना विद्यापीठाची इच्छा असेल तर मोजणीबाहेर ठेवता येतं, त्यामुळे चटका एकदम बसणार नाही.

फटका सामन्यात दिसणार नाही, सरावात दिसेल. आठवडाभर समोरच्या संघाची नक्कल करून पहिल्या फळीला तयार करणारी पोरं बहुतेक हीच वॉक-ऑन. ती कमी झाली की दुसऱ्या फळीतल्यांनाच सरावात जास्त आपटून घ्यावं लागणार. माझ्या मते नियम लिहिणाऱ्यांनी याचा नीट विचार केलेला नाही.

आणि पैसा. १ जुलैपासून विद्यापीठ थेट खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. गेल्या वर्षीच्या फुटबॉल संघावर जाहिरात-प्रायोजकांकडून मिळून सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचं क्रीडासंचालक रॉस ब्यॉर्क स्वतः म्हणाले होते. तेव्हा हा पैसा राखीव खेळाडूला थांबवण्यात घालायचा की बाहेरून तयार माणूस आणण्यात, हा खरा प्रश्न. गेल्या वर्षी बाहेरून काय काय आलं ते पाहा : हॉवर्ड, जडकिन्स, मॅकलॉफ्लिन, केलेब डाउन्स, खुद्द सेइन.

रंकाळ्याचा_गोली

धागा वाचतोय, खेळ अर्धाच कळतो. पण बाहेरून किती आणायचे आणि तालमीतली पोरं किती वाढवायची, हा वाद कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्हीही घालतो. पाटाकडील असो की खंडोबा, बाहेरचा गोल मारतोय तोवर कुणाची तक्रार नसते. चालू द्या.

ओलेंटँजीकाठी

गोलीसाहेब, भाऊ आला की तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवतो.

अटलांटाकर, लाइनचं डोक्यात शिरलं. आता बचावाचं सांगा. मिशिगनवाला सारखा म्हणतो की पुढची चारही माणसं गेली. खरंच चारही?

जुना_अटलांटाकर

चारही. जॅक सॉयर, जेटी टुइमोलोआउ, टायलिक विल्यम्स, टाय हॅमिल्टन. तो खोटं बोलत नाहीये.

पण इथे स्नॅपचा हिशेब आपल्या बाजूने आहे. केडन करी, केनयाटा जॅक्सन, केडन मॅकडोनाल्ड ही पोरं दोन-तीन वर्षं त्या चौघांच्या मागे खरोखर खेळलीत, नुसती बसलेली नाहीत. आक्रमणाची लाइन शक्यतो तीच पाच माणसं शेवटपर्यंत ठेवते, बचावाची लाइन मात्र सामनाभर आलटून-पालटून येते, त्यामुळे तिथली दुसरी फळी आपोआप तयार होते. लॅरी जॉन्सन २०१४ पासून तिथे आहेत, ते हेच करत आलेत. नॉर्थ कॅरोलिनाचा बो ॲटकिन्सनही घेतलाय. मला चिंता मधल्या दोन जागांची. मॅकडोनाल्डच्या मागे एड्रिक ह्यूस्टन, टायवोन मलोन, आणि मग विरळ होतं. नोव्हेंबरात दमलेल्या मधल्या फळीवरून मिशिगन कसं धावतं ते गेली काही वर्षं पाहतोच आहोत.

मागे डाउन्स, सनी स्टाइल्स, इग्बिनोसुन आहेत. देशातल्या कुठल्याही संघाने हेवा करावा असे. आर्व्हेल रीसला मोकळं सोडलं तर तोही चमकेल.

बकआयची_सून

बचावाचा मेंदू गेला ते राहिलंच. जिम नोल्स पेन स्टेटला गेले, मॅट पॅट्रिशिया आले. खेळाडूंना नवी पद्धत पहिल्यापासून शिकायची, त्यात राखीव पोरं सर्वांत मागे पडतात. १ नोव्हेंबरला तेच नोल्स पेन स्टेट घेऊन कोलंबसला येणार. आपल्या प्रत्येक पोराची खोड त्यांना माहीत.

हिशेबनीस

रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यांवर) कुणी अवाक्षर काढलं नाही ही गंमत. एमेका एगबुका पहिल्या फेरीत गेला तरी कुणाला घाम फुटत नाही. जेरेमाया स्मिथने पहिल्या वर्षी १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन केले, जोडीला कार्नेल टेट. मिशिगनवाल्याने तिथे बोट ठेवलं तर हसून सोडून द्या.

ओलेंटँजीकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या जेवणाच्या सुट्टीत त्याला सांगणार की चौदा गेले हे खरं, पण त्यातल्या अकरांची सोय दिसते, अडचण आहे ती डाव्या टॅकलची आणि बचावाच्या मधल्या दोन जागांची. अकरा जास्त वाटत असतील तर आत्ताच सांगा, तोंडघशी पडायचं नाही.

तिकिटाचं कुणी बोललंच नाही.

जुना_अटलांटाकर

अकरा जास्त आहेत. नऊ म्हणा, धावणारे दोघं अजून सिद्ध व्हायचेत.

बकआयची_सून

६ सप्टेंबरचा ग्रॅम्बलिंग स्टेट किंवा १३ सप्टेंबरचा ओहायो युनिव्हर्सिटी, दोन्ही घरचेच आणि टेक्सासच्या मानाने बरेच स्वस्त. मी ग्रॅम्बलिंग घेईन, त्यांचा बँड देशभर नावाजलेला आहे. आला तर मध्यंतरात जागा सोडू नका. तिसऱ्या क्वार्टरनंतर आघाडी मोठी झाली की लोक गाडी काढायला पळतात. तुम्ही बसून राहा, कारण तुमची दुसरी फळी तेव्हाच मैदानात येणार. डाव्या टॅकलला कोणता नंबर उभा आहे ते लिहून घ्या आणि इथे कळवा. वरच्या डेकमध्ये बसलात तर दुर्बीण न्या, तिथून नंबर वाचता येत नाहीत.