आदेल इमाम सरकारचा माणूस होता का?

मुठेकाठचा
इजिप्तचा विनोदी नट आदेल इमाम याच्याबद्दल काल इथे एकाने लिहिलं, 'आदेल इमाम म्हणजे राष्ट्राध्यक्ष मुबारकच्या दरबारातला विदूषक, बाकी काही नाही.' वाचून डोकं फिरलं. त्याचा १९९२चा सिनेमा 'अल-इरहाब वल-कबाब' (दहशतवाद आणि कबाब) पाहिलाय का? पोरांची शाळा बदलून घ्यायला कैरोच्या तहरीर चौकातल्या मुगम्मात, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या अवाढव्य इमारतीत, खेटे घालणारा बाप, नमाजाच्या नावाखाली कामाला हात न लावणारा कारकून, आणि झटापटीत हातात आलेली बंदूक. बाहेरून पोलिसांनी तुमची मागणी काय, असं विचारलं तर आत अडकलेले हे लोक कबाब मागतात! पोटातून आलेला सिनेमा आहे तो. याला हुजरेगिरी म्हणायचं?

वाळूघड्याळ
ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. सिनेमा चांगलाच आहे, पण श्रेय पटकथा लिहिणाऱ्या वहीद हामिदला द्या. त्यातली चीड मंत्र्यांपाशी येऊन थांबते, त्यांच्या वर जात नाही. आणि २०११ मध्ये त्याच तहरीरमध्ये लोक मुबारकविरुद्ध उतरले, तेव्हा याने बाजू घेतली मुबारकची. सामान्य माणसाची भूमिका करून मोठा झालेल्याने असं करावं?

मुठेकाठचा
२०११चं मलाही लागलं, नाही म्हणत नाही. पण १९९२ मध्ये धर्मांधांवर टीका करणाऱ्या फरग फौदा या लेखकाला अतिरेक्यांनी भर कैरोत गोळ्या घातल्या आणि दोनच वर्षांनी याने 'अल-इरहाबी' (दहशतवादी) या सिनेमात अतिरेकी रंगवला. जीव मुठीत धरून केलेलं काम आहे ते.

वाळूघड्याळ
सरकारला तेव्हा नेमकं तेच हवं होतं.

जोशीबाई मस्कत
तुमचं राजकारण राहू द्या. मी इथे अकरा वर्षं शिकवते. ईदला टीव्हीवर त्याचं टारगट पोरांच्या शाळेवरचं जुनं नाटक 'मद्रसत अल-मुशागिबीन' लागलं की सुटीनंतर वर्गात पोरं त्यातलीच वाक्यं माझ्या तोंडावर फेकतात. माझी इजिप्शियन सहकारी एकदा स्टाफरूममध्ये रडली. म्हणाली, आमच्या देशात मास्तरांचा मान या नाटकाने घालवला.

नाट्यवेडा
बाई, नाटक शेवटपर्यंत बघा! सुहैर अल-बाबलीची शिक्षिका त्या टारगट पोरांना वळणावर आणते. मान कमी पगाराने गेला. शिकवण्या घेतल्याशिवाय तिथल्या मास्तरांचं घर चालत नाही.

जोशीबाई मस्कत
शेवट कुठल्या पोराला पाठ असतो? टिंगलच पाठ असते. वर्गात तुम्ही उभे राहा, मग मला शिकवा.

नाट्यवेडा
माझे वडील तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. त्यांची नक्कल पोरं अख्ख्या गावात करायची, आणि रस्त्यात दिसले की तीच पोरं पाया पडायची. नाटकाने मान जात नाही.

जोशीबाई मस्कत
तुमच्या वडिलांना नमस्कार. पण ती बाई रडली हे खरं आहे, आणि ते मी विसरणार नाही.

मुठेकाठचा
मूळ मुद्दा राहिलाच. २०१२ मध्ये जुन्या भूमिकांवरून, इस्लामचा अपमान केला म्हणून, त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात सुटला. मुबारकची सत्ता तेव्हा गेलेली होती, पाठीशी कोण होतं?

वाळूघड्याळ
तो खटला चुकीचाच होता. 'विदूषक' शब्द मागे घेतो. २०११चं मात्र माफ नाही.